ताराबाई मोडक

नगर जिल्ह्यांतील कोणत्याहि खेड्यांत गेलें म्हणजे शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आसपास एक लहानशी खोली दृष्टीस पडते. तिच्या भिंतीवर फुलें, पक्षी आणि अक्षरें रंगविलेलीं असतात, आणि दारावर अंगणवाडी हा शब्द लिहिलेला असतो. हा शब्द आतां इतका ओळखीचा झाला आहे कीं तो कोठून आला हें कोणी विचारीत नाहीं. सरकारनेंच कधीं तरी तो काढला असेल, असें आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांस वाटतें. खरें पाहतां ह्या शब्दामागें एका बाईचें उभें आयुष्य आहे. त्या बाईंचें नांव ताराबाई मोडक. त्या ख्रिस्ती नव्हत्या. परंतु ज्या वाड्यावस्त्यांतून आमच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, तसल्याच वस्त्यांतील लेंकरांसाठीं त्यांनीं आपले शेवटचे दिवस खर्चिले. म्हणून त्यांचें चरित्र आमच्या वाचकांपुढें, आणि विशेषतः आमच्या उपदेशक बंधूंपुढें, ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजीं मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे मोठे कार्यकर्ते होते. मुलींनीं शिकावें, विधवेला पुन्हां संसार करतां यावा, जातिभेद मोडावा, हे विचार त्या घरांत रोजच्या ऐकण्यांतले होते. त्यामुळें, मुलीला चिठीचपाटी वाचतां आली म्हणजे झालें असें जग म्हणत असतां, ताराबाई १९१४ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढल्या वर्षीं अमरावतीचे वकील मोडक ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. संसार सुखाचा झाला नाहीं. त्याच्या कारणांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. एवढेंच सांगतों कीं लहानग्या मुलीला बरोबर घेऊन त्या घराबाहेर पडल्या आणि आपल्या श्रमावर राहूं लागल्या. बाई नवऱ्यापासून निराळी राहते म्हटल्यावर लोक काय काय बोलतात, हें आमच्या भगिनींना निराळें सांगावयास नको. त्यांतून त्या राजकोट येथील स्त्रियांच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्याध्यापिका झाल्या. जागा मानाची होती. तेथेंच त्या राहत्या तर सुखानें निवृत्त झाल्या असत्या, आणि आज त्यांचें नांव कोणास ठाऊक नसतें.

परंतु १९२३ सालीं ती जागा सोडून त्या भावनगरास गेल्या. तेथें दक्षिणामूर्ति नांवाच्या संस्थेंत गिजुभाई बधेका हे गृहस्थ लहान मुलांचें बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाला कसें शिकवावें ह्या विचारांत पडून ते शिक्षणाकडे वळले, आणि मग वकिली कायमची सोडून मुलांतच रमले. त्यांस मोठ्या मिशा होत्या आणि जीव आईचा होता. म्हणून गुजराथी लोक त्यांस कौतुकानें मिशाळ आई म्हणत. ह्या मनुष्याच्या हाताखालीं ताराबाईंनीं सुमारें नऊ वर्षें काम केलें. बालमंदिरांत मार नव्हता, बक्षिसांची चढाओढ नव्हती, पाठ केलेलें धडाधड म्हणून दाखविण्याची परीक्षाहि नव्हती. मुलें खेळत, गाणीं म्हणत, गोष्टी ऐकत, नाटकें करीत, भांडीं घाशीत, झाडांना पाणी घालीत. पाहणाऱ्यास वाटे कीं हीं नुसतीं खेळताहेत. वास्तविक तीं शिकत होतीं.

ह्या पद्धतीचा उगम कोठें आहे तें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जर्मनींत फ्रोबेल नांवाचा एक शिक्षक होऊन गेला. तो पाळकाचा मुलगा होता, आणि लहानपणीं आई वारल्यामुळें एकटा वाढलेला होता. खेळ हा मुलाचा रिकामपणा नसून त्याचें कामच आहे, असें त्याचें मत पडलें. त्यानें चेंडू, ठोकळे, काड्या अशीं खेळण्याचीं साधनें योजून १८३७ सालीं लहान मुलांची शाळा काढली व पुढें तिला मुलांचा बगीचा ह्या अर्थाचें नांव दिलें. किंडरगार्टन तें हेंच. आमच्या वाचकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, पंडिता रमाबाई अमेरिकेंत होत्या तेव्हां त्यांनीं फिलाडेल्फिया शहरीं ही पद्धति शिकून घेतली होती, व १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें तेव्हां ती आपल्या मुलींसाठीं उपयोगांत आणण्याचा त्यांचा विचार होता. मराठी देशांत खेळांतून शिक्षणाचें बीं पेरणाऱ्यांत रमाबाई अशा रीतीनें अगदीं आरंभीच्या आहेत. दुष्काळ पडला, शेंकडों मुली केडगांवास आल्या, आणि त्यांचें लक्ष अन्न, वस्त्र व आसरा ह्यांकडे वेधलें, हें आम्ही सर्व जाणतोंच.

फ्रोबेलनंतर इटलींत मारिया माँटेसोरी ह्या डॉक्टरीणबाई झाल्या. त्यांनीं आपलें पहिलें बालगृह १९०७ सालीं रोम शहरांतील मजुरांच्या एका गरीब वस्तींत उघडलें. हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे; कारण पुढें त्यांच्या नांवाच्या शाळा श्रीमंतांच्या झाल्या. माँटेसोरीबाईंचें म्हणणें असें कीं मूल डोक्याच्या आधीं हातानें शिकतें. त्यांच्या साधनांपैकीं एकाचें वर्णन केलें म्हणजे मर्म कळेल. एका लांकडी ठोकळ्यांत निरनिराळ्या जाडीचीं भोंकें असतात आणि प्रत्येक भोंकांत नेमका बसेल असा एकेक दट्ट्या असतो. मूल ते सगळे बाहेर काढतें व पुन्हां बसवूं लागतें. एखादा बारीक दट्ट्या मोठ्या भोंकांत गेला तर त्या क्षणीं कांहीं अडत नाहीं. पण शेवटीं एक जाड दट्ट्या हातांत उरतो आणि भोंक उरतें तें लहान! मग मूल स्वतःच मागें जाऊन आपली चूक शोधतें. शिक्षकानें ओरडावयाचें नाहीं, कान पिळावयाचा नाहीं, सांगावयाचेंहि नाहीं. चूक साधनच दाखवून देतें. बोटांनीं चाचपून पाहण्यासाठीं खरखरीत कागदाचीं अक्षरें, एकावर एक रचण्यासाठीं लहानापासून मोठ्यापर्यंत दहा ठोकळे, गुंड्या घालण्याकाढण्याच्या चौकटी, अशीं दुसरींहि पुष्कळ साधनें त्यांत आहेत.

१९२६ सालीं गिजुभाई व ताराबाई ह्यांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. आईबापांस व शिक्षकांस ह्या गोष्टी समजाव्या म्हणून शिक्षणपत्रिका नांवाचें मासिक चालविलें. भावनगर सोडल्यावर ताराबाई पुढें मुंबईस आल्या व १९३६ सालीं त्यांनीं दादर येथें शिशुविहार काढला. शिकलेल्या घरचीं मुलें तेथें येऊं लागलीं, बालशिक्षिका तयार होऊं लागल्या, ताराबाईंचें नांव सर्वत्र झालें. १९३९ सालीं गिजुभाई वारले. त्याच वर्षीं माँटेसोरीबाई हिंदुस्थानांत आल्या, आणि महायुद्धामुळें कित्येक वर्षें त्यांचा मुक्काम येथेंच पडला. त्यामुळें शहरांतून त्यांच्या पद्धतीचा गवगवा आणखीच वाढला.

येथें कोणीहि समाधान मानलें असतें. ताराबाईंना मात्र एक गोष्ट बोंचत होती. साधनांच्या पेट्या महाग होत्या, त्या पुरविणारीं दुकानें शहरांत होतीं, आणि बालमंदिरांत येणारें मूल आधींच न्हाऊनमाखून, खाऊनपिऊन आलेलें असे. ज्या मुलाच्या घरांत पुस्तक नाहीं, ज्याची आई पहाटे कामावर जाते, त्याच्यापर्यंत ही विद्या पोंचत नव्हती. गांधीजींची व माँटेसोरीबाईंची १९३१ सालीं लंडन येथें भेट झाली होती, तेव्हांहि गरिबांच्या मुलांस हें शिक्षण कसें मिळेल ही काळजी गांधीजींनीं बोलून दाखविली होती. ताराबाईंवर गांधीजींच्या विचाराचा परिणाम झाला आणि त्यांनीं निश्चय केला कीं आतां खेड्यांत जावयाचें. १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी ह्या समुद्रकांठच्या गांवीं त्यांनीं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें. त्या वेळीं त्यांचें वय त्रेपन्न वर्षांचें होतें. त्यांच्या मदतीस अनुताई वाघ ह्या शिक्षिका आल्या. अनुताई बालविधवा, शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या. ह्या दोघींचा सहवास जो तेथें सुरू झाला तो ताराबाईंच्या मरणापर्यंत टिकला. आज हा मुलूख पालघर जिल्ह्यांत मोडतो; तो जिल्हा २०१४ सालीं निराळा झाला.

आतां आम्ही त्यांच्या आयुष्यांतील ज्या भागाकडे येत आहों तो आमच्या उपदेशक बंधूंनीं लक्षपूर्वक वाचावा. बोर्डीस बालवाडी उघडली. जागा स्वच्छ, साधनें मांडलेलीं, बाई हंसतमुख. परंतु ज्यांच्यासाठीं ती उघडली त्या हरिजनवाड्यांतील व मजुरांच्या घरचीं मुलें येईनात. बोलावणीं झालीं, घरोघर सांगणें झालें, तरी येईनात. अशा वेळीं आपण बहुधा काय करतों? हे लोक अडाणी आहेत, ह्यांना शिक्षणाची किंमत नाहीं, असें म्हणून मोकळे होतों, आणि अहवालांत तसें लिहूनहि टाकतों. ताराबाईंनीं तसें केलें नाहीं. मुलें कां येत नाहींत हें पाहावयास त्या वस्तींत गेल्या. पांच वर्षांच्या पोरीच्या कडेवर एक वर्षाचा भाऊ आहे. तो कोठें ठेवावयाचा? अंगावर धड कपडा नाहीं. चांगल्या कपड्यांतील मुलांत जाऊन कसें बसावयाचें? आई मजुरीस गेली आहे. केंस कोण विंचरणार? आणि वरच्या आळींतून चालत जातांना ज्या नजरा अंगावर पडतात त्या निराळ्याच. तेव्हां दोष मुलांचा नव्हता आणि आईबापांचाहि नव्हता. शाळाच चुकीच्या जागीं बसली होती.

मग शाळा उठून मुलांकडे गेली. शिक्षिकांनीं पिशवींत चार वस्तु घेतल्या आणि वस्तींत जाऊन एखाद्याच्या घरापुढचें अंगण पाहिलें. तें झाडून घेतलें. पाणी आणून मुलांचे हातपाय धुतले, नखें काढलीं, नाकें पुसलीं, केंस विंचरले. मग गाणें, मग गोष्ट, मग खेळ. कडेवरचें मूल कडेवरच राहिलें, किंवा बाजूला रांगूं लागलें. आया दारांतून पाहूं लागल्या. अंगणांत भरते ती अंगणवाडी. नांव पडलें तें असें. गांवांत एका ठिकाणीं भरणारी ती मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीच्या अंगणांत भरणारी ती अंगणवाडी, असे दोन प्रकार त्या मानूं लागल्या.

आमच्या नगर जिल्ह्यास ही रीत अगदींच परकी नाहीं. १८३९ सालीं सिंथिया फॅरार ही बाई नगरास आली व १८६२ सालीं देवाघरीं जाईपर्यंत तिनें येथें मुलींच्या शाळा चालविल्या. त्या पाहून ज्योतिराव फुल्यांच्या मनांत पुण्यास मुलींची शाळा काढण्याचा विचार आला, हें प्रसिद्ध आहे. पुढें नेवासें, राहुरी, पारनेर ह्या बाजूच्या खेड्यांतून मिशनच्या शाळा निघाल्या, त्याहि पुष्कळदां वाड्यांतच निघाल्या, कारण गांवच्या शाळेंत आमच्या वडिलांस उंबऱ्याबाहेर बसवीत. परंतु जागा वाड्यांत असली तरी शिकविण्याची तऱ्हा बहुधा पंतोजीचीच होती, हेंहि कबूल केलें पाहिजे. मुलें रांगेनें बसावीं, हात बांधावे, वचन पाठ म्हणावें, चुकल्यास छडी खावी.

ह्याविषयीं आम्हीं स्वतः केलेली एक चूक सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, तरी सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका लहान गांवीं आम्ही शब्बाथशाळा घेत होतों. दिवस पोळ्याच्या आधींचे. सर्व मुलें वचन म्हणत होतीं. मागें बसलेला एक पोरगा मात्र खालीं मान घालून कांहीं तरी करीत होता. जवळ जाऊन पाहिलें तों त्यानें ओल्या मातीचे दोन बैल केले होते. जोंधळ्याच्या ताटाचें जूं केलें होतें, त्यांत बाभळीच्या कांट्यांच्या शिवळा खोंविल्या होत्या आणि अंबाडीच्या धाग्याचीं जोतीं बांधलीं होतीं. आम्हीं ते बैल त्याच्या हातून घेऊन बाहेर टाकून दिले. पुढल्या रविवारीं तो आला नाहीं, आणि त्याच्या पुढल्याहि नाहीं. जूं बैलांच्या मानांच्या बेतानें बरोबर कापलें होतें, म्हणजे त्या पोरानें मोजमाप केलें होतें, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार मागून आली. ताराबाईंचे लेख वाचूं लागलों तेव्हां तो पोरगा पुन्हां आठवला. त्या बाई तेथें असत्या तर त्यांनीं ते बैल फळीवर मांडले असते.

हें आम्ही अंदाजानें म्हणत नाहीं. विलायती साधनांच्या जागीं हाताशीं असलेलीं साधनें आणणें हेंच ताराबाईंच्या खेड्यांतील कामाचें वैशिष्ट्य होतें. महागड्या पेट्या आणण्यास पैसा नव्हता. पण समुद्राच्या कांठीं शंख व शिंपले पडलेले होते, रानांत बिया, पानें, पिसें होतीं, बांबू होता, माती होती आणि गांवांत सुतार होता. लहानमोठे शिंपले क्रमानें लावणें काय आणि माँटेसोरीबाईंचे ठोकळे लावणें काय, डोळ्याचें शिक्षण तेंच. बियांचे ढीग करणें ही वर्गवारी आहे, ते मोजणें हें गणित आहे. निरनिराळे दगड हातांत घेऊन कोणता जड, कोणता हलका, कोणता गुळगुळीत, कोणता खरखरीत हें डोळे मिटून ओळखणें ही स्पर्शाची परीक्षा आहे. रेतींत बोटानें अक्षर काढणें तर आपल्याकडे नवीन नव्हतेंच. आमचे आजे धूळपाटीवरच शिकले, आणि त्यासाठीं त्यांस इटलीस जावें लागलें नाहीं!

आमच्याकडे समुद्र नाहीं, परंतु चिंचोके आहेत, सागरगोटे आहेत, बिट्ट्या आहेत, गुंजा आहेत. प्रवरेच्या व मुळेच्या पात्रांत हवे तेवढे गोटे आहेत. कडब्याच्या ताटांच्या गाड्या आणि चगळांचीं चाकें आमचीं मुलें कोणी न शिकवितां करतात. हें सर्व गोळा करून एका फळीवर किंवा पाटींत मांडलें तर तें मुलांचें संग्रहालय होतें. संग्रहालय हा शब्द ऐकून आमच्या कांहीं वाचकांस नगर शहरांतील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आठवेल. तेथील नाणीं, कागदपत्रें व जुन्या वस्तु जपावयाच्या असल्यामुळें त्या दुरून पाहाव्या लागतात, आणि तें योग्यच आहे. परंतु केवळ मुलांसाठीं काढलेलीं संग्रहालयेंहि जगांत आहेत. त्यांतलें पहिलें अमेरिकेंत ब्रुकलिन येथें १८९९ सालीं निघालें. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेंहि आपल्या आवारांत २०१९ सालीं मुलांसाठीं निराळें दालन उघडलें. अशा ठिकाणीं वस्तूला हात लावण्याची मुलास नुसती परवानगी नसते, तर त्यानें हात लावावा अशीच अपेक्षा असते. लाखों रुपये खर्चून जें तेथें करतात त्याचें मूळ तत्त्व बोर्डीच्या अंगणांत दहावीस शिंपल्यांवर चाललें होतें.

बोर्डीस बारा एक वर्षें काम केल्यावर ताराबाई आणखी आंत शिरल्या. १९५७ च्या सुमारास केंद्र जवळच्या कोसबाड टेकडीवर गेलें. तेथें वस्ती वारली लोकांची. ताराबाई बोर्डीस आल्या त्याच १९४५ सालीं ह्या मुलखांतील वारल्यांनीं गोदावरीबाई परुळेकर व त्यांचे सहकारी ह्यांच्या नेतृत्वाखालीं वेठबिगारीविरुद्ध मोठा लढा केला होता. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावयाचें, कर्जापायीं पिढ्यान् पिढ्या बांधलें जावयाचें, असें त्यांचें जिणें होतें. बाहेरून येणारा स्वच्छ कपड्यांतला मनुष्य म्हणजे सावकार, ठेकेदार किंवा शिपाई, एवढेंच त्यांस ठाऊक. तेव्हां ह्या दोन बाया आपल्या पोरांना गोळा कां करतात ह्याचा त्यांस संशय आला तर नवल नव्हे. तो संशय भाषणांनीं जाणारा नव्हता. रोज जाणें, आजारी पोराला औषध देणें, त्यांच्या बोलींत बोलणें, त्यांचीं गाणीं व नाच शाळेंत आणणें, अशा मार्गानें तो हळूहळू गेला.

कोसबाडास जी व्यवस्था बसली तिला विकासवाडी म्हणतात. तिच्यांत तान्ह्यांचें पाळणाघर, त्याहून मोठ्यांची बालवाडी आणि त्यापुढची प्राथमिक शाळा हीं तिन्हीं एका ठिकाणीं आणलीं. ह्यांत विद्वत्तेपेक्षां व्यवहार अधिक आहे, आणि म्हणूनच आम्हांस ती फार आवडते. मोठी बहीण शाळेंत येऊं शकत नव्हती, कारण धाकटें मूल तिच्या गळ्यांत होतें. आतां तिनें धाकट्याला पाळण्यांत ठेवावें, मधल्याला बालवाडींत बसवावें आणि आपण पाटी घेऊन बसावें. लहानपणापासून ह्या आवारांत वाढलेलें मूल पुढें शाळेला भीत नाहीं, हा दुसरा लाभ. तरीहि कांहीं मुलें येत नसत, कारण त्यांच्यामागें गुरें होतीं. गुरें राखणारा पोरगा घरांत दोन पैसे किंवा पोटाला भाकर आणतो. त्याला शाळेंत धाडणें आईबापांस परवडत नाहीं. त्यांच्यासाठीं कुरणशाळा निघाली. गुरें जेथें चरतात त्या कुरणांत शिक्षकानें जावयाचें, आणि गुरांवर नजर ठेवीत मुलांनीं शिकावयाचें. दिवसा कामावर असणाऱ्यांसाठीं रात्रीची शाळा. अंगण, कुरण, रात्र. मुलाचा दिवस जेथें जातो तेथें शाळा गेली.

पाथर्डी व शेवगांव ह्या तालुक्यांतून दसरादिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांकडे पाहिलें म्हणजे आम्हांस ह्या कुरणशाळेची आठवण होते. बैलगाडीवर बिऱ्हाड, कारखान्याजवळ कोपी, पहाटे आईबाप फडांत, आणि पोर कोपीपाशीं तान्हें सांभाळीत बसलेलें. कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा काढण्याचे यत्न झाले आहेत. कोठें चालले, कोठें बंद पडले. आमच्या मंडळ्यांतील कांहीं घरेंहि ह्या फेऱ्यांत आहेत, आणि उन्हाळ्यांत तीं परत येतात तेव्हां मूल शिकलेलेंहि विसरलेलें असतें. मेंढ्यांमागें फिरणाऱ्या धनगरांच्या मुलांची गोष्ट ह्याहून निराळी नाहीं. हजेरीपटावर त्यांच्या नांवापुढें गैरहजर लिहिणें फार सोपें आहे.

ताराबाईंच्या पद्धतीवर त्या काळीं आक्षेप येत, व आजहि येतात. एक असा कीं खेळानें मूल बिघडतें. त्याला पुढें कष्टाची संवय लागत नाहीं. ज्यानें बालवाडींतील मूल एकाच कामांत अर्धा घंटा मान खालीं घालून गढलेलें पाहिलें आहे तो असें म्हणणार नाहीं. दुसरा आक्षेप आईबापांचा: तीन वर्षांच्या मुलाला अक्षरें कां येत नाहींत? ह्या घाईपुढें आजच्या पुष्कळ शाळा मान तुकवितात, व पोराच्या हातांत बोटें वळावयाच्या आधीं पेन्सिल देतात. तिसरा आक्षेप मात्र आम्हांस खरा वाटतो. हें काम शिक्षिकेच्या अंगच्या गुणावर फार अवलंबून आहे. एका ताराबाईंनीं किंवा एका अनुताईंनीं जें केलें तें थोडक्या मानधनावर, पोषणआहार, वजनकांटा आणि नोंदवह्या सांभाळून दमलेल्या सेविकेनें तसेंच करावें अशी अपेक्षा ठेवणें अन्यायाचें आहे. अंगणवाडीचें नांव गांवोगांव पोंचलें. तिच्यांतला खेळ तितका पोंचला नाहीं, आणि त्याचा दोष सेविकेच्या माथीं मारून भागणार नाहीं.

१९६२ सालीं भारत सरकारनें ताराबाईंस पद्मभूषण ही पदवी दिली. तेव्हां त्या सत्तरीच्या झाल्या होत्या आणि काम सोडलेलें नव्हतें. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यानंतर दोन वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, भारत सरकारनें लहान मुलें व गरोदर माता ह्यांसाठीं एकात्मिक बालविकास योजना प्रथम तेहतीस ठिकाणीं सुरू केली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हें नांव घेतलें. तीच योजना पुढें आमच्या जिल्ह्यांत आली.

ताराबाईंमागें कोसबाडची जबाबदारी अनुताईंवर पडली. त्यांनीं ती जवळजवळ एकोणीस वर्षें वाहिली, टेकडीवरच्या आपल्या अनुभवांचें पुस्तक लिहिलें, आणि १९९२ सालीं त्याहि गेल्या.